आगरातला काडीकचरा आणि पेट्रोलचे श्रेडर : प्रस्तावना

कोकणपट्टीच्या नारळी-पोफळीच्या आगरांत आणि आंब्या-काजूच्या बागांत वर्षाकाठी ज्या झावळ्या गळतात, ज्या फांद्या छाटल्या जातात आणि जो पातेरा साठतो, त्या सर्वांची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न आज जितका बिकट झाला आहे तितका तो दोन पिढ्यांपूर्वी नव्हता; आणि तो तसा का नव्हता हे नीट ध्यानात घेतल्यावाचून, त्या प्रश्नावरचा उपाय म्हणून बाजारात येऊन उभ्या राहिलेल्या पेट्रोलच्या यंत्रांची पारख करता येणार नाही, अशी माझी धारणा असल्यामुळे, यंत्रांच्या निवडीविषयी लिहिलेल्या ह्या पुस्तिकेचा आरंभ मी यंत्रापासून न करता कचऱ्यापासून करीत आहे.

पूर्वी कोकणातल्या परड्यात कचरा म्हणून वेगळा जिन्नसच नव्हता. एका माडावरून वर्षाला बारा-चौदा झावळ्या उतरतात, आणि त्यांतल्या प्रत्येकीचा विनियोग आधीच ठरलेला असे. झावळी चिरून, पाण्यात भिजत घालून तिचे झाप विणले जात आणि ते पावसाळ्यात पडवीला व उन्हाळ्यात मांडवाला लागत. पात्यांतून सोलून काढलेल्या हिरांचे खराटे बांधले जात. बुंध्याकडचे रुंद पिढे वाळले की न्हाणीच्या चुलीत जाई. आंब्या-फणसाच्या मोडलेल्या फांदीची फाटी फोडून ती पावसाळ्याची बेगमी म्हणून खोपीत रचली जात. पातेरा गोठ्यात गुरांखाली अंथरला जाई व शेणामुतासह गायरीत पडे. ऐन-किंजळीचे कवळ तोडून ते भाताच्या रोपांच्या जागेवर शेण, पातेरा आणि माती यांच्या थरांत घालून भाजण्याची, म्हणजे राब करण्याची, वहिवाट तर इतकी खोल रुजलेली होती की १८८५ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे रयतेच्या राबाच्या हक्काची तकरार हा एक मुख्य मुद्दा होऊन बसला होता. ज्या डहाळ्या तोडण्याच्या मुभेसाठी शेतकरी सरकारदरबारी अर्ज करीत होते, तशाच डहाळ्या आज बांधाच्या कडेला टाकून देण्यासही मजूर मिळत नाही.

हा पालट कोणाच्या आळसामुळे झालेला नाही. घरांवर कौले आणि पत्रे आले व झापांची गरज सरली. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली व फाट्यांना गिऱ्हाईक उरले नाही. गुरे कमी झाली व पातेरा अंथरण्यास गोठा राहिला नाही. तरुण माणसे मुंबई-पुण्यास गेली व विणणारे, सोलणारे, फोडणारे हात वयोवृद्ध झाले. झाडांनी मात्र आपला क्रम बदललेला नाही. ती पूर्वीइतक्याच झावळ्या टाकतात आणि पूर्वीइतकीच वाढतात. किंबहुना हापूसच्या जुन्या बागांचे पुनरुज्जीवन करण्यासाठी मोठी छाटणी करण्याची पद्धत रूढ झाल्यापासून लाकडी कचऱ्याचा ऐवज वाढलाच आहे. तात्पर्य, ज्या मालाला पूर्वी पाच वाटा होत्या त्याला आता एकच वाट उरली आहे, ती म्हणजे काडी ओढून पेटवून देणे.

पेटवून देण्याने बागायतदार काय गमावतो, ह्याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. पानात व कोवळ्या काडीत साठलेले नत्र धुरावाटे बहुतांशी उडून जाते. सेंद्रिय कर्ब तर जवळजवळ सगळाच जातो. मागे उरते ती राख, आणि तिच्यातले पालाश पाण्यात सहज विरघळणारे असल्यामुळे, जेथे हंगामात तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो अशा प्रदेशात मृगाच्या पहिल्या सरींबरोबर त्याचाही मोठा वाटा वाहून जातो. जांभ्या दगडावर उभी असलेली आपली तांबडी माती मुळातच निचऱ्याची आणि आम्लधर्मी. तिच्यात ओल व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची जी काही शक्ती असते ती मुख्यत्वेकरून सेंद्रिय द्रव्यामुळे असते. तेव्हा आगराचा पातेरा जाळणे म्हणजे ज्या एका वस्तूची आपल्या मातीस सर्वांत अधिक वाण आहे तीच वस्तू दर वर्षी आपल्या हातांनी नाहीशी करणे होय, असे मी कोणतीही अतिशयोक्ती न करता म्हणतो. शहरांच्या हद्दीत हा व्यवहार बेकायदाही आहे: २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठविण्याचे दायित्व तो निर्माण करणाऱ्यावर टाकले आणि कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा मातीच्या तोट्याचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

जाळू नये हे पटले तरी कुजवावे कसे, हा प्रश्न राहतोच. कारण मऊ पाला कुजतो आणि लाकूड कुजत नाही, निदान आपल्या सोयीच्या मुदतीत कुजत नाही. ह्या अडचणीची शास्त्रीय दखल आपल्या शेजारीच, इंदूर येथे, फार पूर्वी घेतली गेली आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ द्रव्यांपासून खत करण्याची जी रीत बसविली व १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, ती पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. तिच्यातला एक तपशील मला अत्यंत बोधक वाटतो. कपाशीच्या व तुरीच्या कठीण पऱ्हाट्या खड्ड्यात तशाच टाकल्या तर त्या कुजत नाहीत, हे पाहून त्या शेतातील रस्त्यांवर पसरल्या जात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली चिरडून, पिंजून निघाल्यावर मगच थरांत घातल्या जात. कठीण काडीचा अंगभंग केल्याखेरीज तिचे खत होत नाही, आणि तो अंगभंग करण्यासाठी बाहेरची शक्ती लागते, हे तत्त्व त्यांच्या त्या साध्या तजविजीत पुरतेपणी आलेले आहे. बैलगाडीच्या लोखंडी धावेने तेव्हा जे केले तेच आज पेट्रोलचे यंत्र करते. गरज जुनी आहे, साधन तेवढे नवे आहे.

तुकडे केल्याने नेमके काय साधते, हेही येथेच सांगून टाकतो. लाकडाचा कठीणपणा ज्या लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे असतो ते मुख्यत्वे काही जातींच्या बुरश्यांनाच फोडता येते, आणि ह्या बुरश्या पृष्ठभागाकडून आत शिरतात; सालीचे कवच शाबूत असलेल्या मनगटाएवढ्या फांदीस त्यांचा शिरकाव होण्यासच एखादा पावसाळा जातो, उलट तीच फांदी बोटाच्या पेराएवढ्या ढलप्यांत विभागली की चारही अंगांनी ओल, हवा आणि बुरशी आत जाते. खताच्या ढिगास साधारणपणे नत्राच्या एका भागास कर्बाचे तीस भाग मानवतात. वाळक्या लाकडात हे प्रमाण एकास कित्येक शेकडे असते, तर हिरव्या पाल्यात एकास पंधरा ते पंचवीस. म्हणून ढलप्यांत शेण, गवत किंवा हिरवा पाला मिसळावा लागतो. आणि मिसळणे हे तुकडे केल्यावरच शक्य होते, अखंड झावळीत काय मिसळणार?

आता यंत्राकडे वळू. पेट्रोलवर चालणारी ही लहान यंत्रे ज्या देशांत घडली, त्या युरोप-अमेरिकेतील परसबागांचा कचरा आपल्यापेक्षा निराळा आहे. तेथे शरद ऋतूत महिन्या-दोन महिन्यांत झाडून सारी पाने गळतात, ती पातळ व कोरडी असतात. फांद्या सरळ, मऊ लाकडाच्या आणि हिवाळ्यात छाटलेल्या. त्या कचऱ्यासाठी आखलेले यंत्र नारळाच्या झावळीपुढे निकामी ठरले, तर त्यात यंत्राचा वा झावळीचा दोष नसून निवडीचा दोष आहे. माझ्या सर्व विवेचनाचे सार ह्या एका गोष्टीत आहे की यंत्राची निवड अश्वशक्तीवरून, किंमतीवरून किंवा रंगरूपावरून न करता आपल्या ढिगावरून करावी. ढीग ओळखल्यावर यंत्र जवळजवळ आपोआप ठरते, आणि ढीग न ओळखता घेतलेले उत्तम यंत्रही दोन हंगामांत पडवीतली अडगळ होते.

आतील रचनेच्या दृष्टीने ह्या यंत्रांत दोन भिन्न क्रिया चालतात व त्यांची गल्लत होता कामा नये. पहिली कापण्याची: एका जड पोलादी चाकावर दोन किंवा अधिक पाती बसविलेली असतात, चाकासमोर एक स्थिर पाते ऐरणीसारखे असते, आणि त्या दोहोंच्या फटीत सापडलेल्या फांदीचे तिरपे काप निघतात, हे चिपर. दुसरी झोडपण्याची: धुऱ्यावर सैल लोंबत्या हातोड्या असतात, त्या वेगाने फिरून आलेला माल ठेचतात, आणि जाळीच्या भोकांतून बाहेर पडण्याइतका तो बारीक होईपर्यंत त्यास आत फिरवीत ठेवतात; हे श्रेडर. बहुतेक पेट्रोलच्या यंत्रांत ह्या दोन्ही क्रिया एकाच पेटीत असून फांद्यांसाठी बाजूचे अरुंद नळकांडे व पाल्यासाठी वरचे रुंद तोंड अशी सोय असते. बाहेर पडलेल्या मालाची मूठ हातात घेऊन पाहिली तर यंत्राची कुंडली कळते. चिपरची ढलपी दोन अंगांनी गुळगुळीत, कडा स्वच्छ, तिच्यावर लाकडाचे वर्तुळ दिसते. पाते बोथट झाले की तीच ढलपी फाटकी निघते, कडेला दशा लोंबतात आणि ढलप्यांबरोबर पिठासारखा भुसा पडू लागतो. श्रेडरचा माल मुळातच पिंजलेला, धाग्याधाग्यांचा असतो. तो लवकर कुजतो, पण आच्छादन म्हणून कमी टिकतो.

झावळीचा प्रश्न येथे येतो. तिच्या दांड्यातले तंतू लांब, चिवट आणि ओलेपणी लवचिक असल्यामुळे बोथट पात्याने ते कापले न जाता ओढले जातात आणि चातीवर सूत गुंडाळावे तसे धुऱ्याभोवती गुंडाळत जातात. मग पट्टा घसरतो, जळका वास येतो, यंत्र बंद पडते, आणि तास-दोन तास कोयतीच्या टोकाने ते धागे उकरीत बसावे लागते. ह्यास उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करावयाचे: पाती धारदार ठेवणे, झावळी तोडल्याबरोबर न घालता काही दिवस उन्हात सुकू देऊन, पण पार खडखडीत होण्यापूर्वी घालणे, आणि ओल्या तंतुमय मालासाठी बारीक जाळी काढून मोठ्या भोकांची जाळी किंवा नुसत्या दांड्यांची चौकट बसविणे. ज्या यंत्राची जाळी बदलता येत नाही ते यंत्र माडांच्या बागायतदाराने घेऊच नये, असे मी निक्षून सांगेन. बुंध्याकडचे पिढे तर कोणत्याही लहान यंत्राच्या तोंडात मावत नाही; ते कोयत्याने आधी वेगळे करावे. गुरांच्या कडबाकुट्टीत झावळ्या घालून पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो. पात्या ती कापते, दांडा मात्र तिचा घास नव्हे.

ढीग ओळखण्याची रीत सोपी आहे. पौष-माघाच्या सुमारास, बागेची साफसफाई झाल्यावर, जे काही निघाले असेल त्याचे तीन वाटे करावेत: मनगटापर्यंतच्या जाडीचे खडे लाकूड, झावळ्या व पोफळीच्या विऱ्यांसारखा तंतुमय माल, आणि नुसता पातेरा. मनगटाहून जाड लाकूड ह्या हिशेबात धरूच नये. ते फाट्यांचे काम आहे आणि त्यासाठी यंत्र मोठे घेणे हा सर्वांत महागडा गैरसमज आहे. ज्याचा पहिला वाटा मोठा, म्हणजे मुख्यतः आंबा-काजूवाला, त्याने चाकाचे चिपर पाहावे. ज्याचा दुसरा मोठा त्याने हातोड्यांचे व रुंद तोंडाचे. आणि ज्याच्यापाशी तिसराच वाटा प्रामुख्याने आहे त्यास पेट्रोलचे यंत्र नकोच, कारण पातेरा आळ्यांत पसरला की एक-दोन पावसांत आपोआप माती होतो.

विक्रेत्यांच्या पत्रकांतील आकड्यांविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. इंजिनाची अश्वशक्ती मोजण्याच्या रीती एकाहून अधिक असल्यामुळे तोच आकडा सर्वत्र तोच अर्थ सांगत नाही; होंडाचे ३८९ सीसीचे जीएक्स ३९० इंजिन पूर्वी १३ अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई, पुढे निव्वळ शक्ती मोजण्याची रीत स्वीकारल्यावर त्याच कंपनीने तो आकडा ११.७ असा दिला. इंजिन दुबळे झाले नव्हते, मोजमाप प्रामाणिक झाले होते. म्हणून तुलना करताना सीसीचा आकडा विचारावा, शक्ती निव्वळ की ढोबळ ते विचारावे, आणि ती किती फेऱ्यांवर मिळते तेही विचारावे. एवढ्या इंजिनास पूर्ण भारावर तासाला साडेतीन लिटरांच्या आसपास पेट्रोल लागते, हा आवर्ती खर्च खरेदीच्या दिवशीच वहीत मांडलेला बरा. ‘तीन इंची फांदी घेते’ असे लिहिलेले असते तेव्हा ती तीन इंच सरळ, ओल्या, मऊ लाकडाची समजावी. वाळलेल्या काजूची किंवा गाठाळ आंब्याची दीड-दोन इंची फांदी घेतली तरी समाधान मानावे. आणि दहा ढिगांचा एक ढीग होतो, वीस ढिगांचा एक होतो, ही जी प्रमाणे छापलेली असतात ती फांद्या मुळात किती विरळ रचल्या होत्या ह्यावर सर्वस्वी अवलंबून असल्यामुळे त्यांना निवडीत काडीचेही वजन देऊ नये.

इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती पट्ट्याने नेली आहे की थेट धुऱ्याने, हे पाहावे. पट्टा असला की अडकल्यावर तो घसरतो व इंजिन वाचते, मात्र पट्टा बदलण्याचा खर्च येतो. थेट जोडणीत रचना साधी व स्वस्त, पण सर्व हिसका इंजिनाच्या धुऱ्यावर. तंतुमय मालासाठी मला पट्टा अधिक सुरक्षित वाटतो.

ह्याहून पुष्कळ महत्त्वाची गोष्ट पात्यांची. दुकानात यंत्र पाहावयास गेल्यावर इंजिन सुरू करून दाखविण्याची विनंती सर्वच करतात. त्याऐवजी झाकण उघडून पाते दाखविण्याची विनंती करावी. ते किती बोल्टांवर बसले आहे, साध्या पान्याने निघते की नाही, एक कड झिजल्यावर उलटून दुसरी वापरता येते की नाही, आणि स्थिर पाते सरकवून फट कमीजास्त करता येते की नाही, हे चार प्रश्न मी कधीही गाळू देणार नाही. फिरते आणि स्थिर पाते यांमधील फट सामान्यतः दीड मिलिमीटरांच्या सुमाराची असते. ती वाढली की नवे पातेही जुन्यासारखे फाडू लागते, आणि पुष्कळ वेळा मालक धार लावीत बसतो तेव्हा खरा दोष फटीत असतो. आपल्या तालुक्याच्या गावी धार लावणारा कारागीर आहे काय, पट्टा व बेअरिंग स्थानिक बाजारात मिळणाऱ्या मापाचे आहे काय, ह्याची खातरजमा करावी. शक्य असेल तर आपल्याच बागेतील दोन सुकत आलेल्या झावळ्या आणि एक वाकडी फांदी गाडीत घालून दुकानी न्यावी व ती आपल्यासमक्ष घालून दाखविण्यास सांगावे. जो विक्रेता ह्यास तयार होत नाही त्याच्याकडून खरेदी तहकूब करावी.

पेट्रोलच का, विजेचे का नको, असा रास्त प्रश्न आहे. घराजवळच्या लहान परड्यास विजेचे यंत्रच चांगले. ते कमी गोंगाट करते आणि त्यास निगा कमी लागते. ज्याच्याजवळ ट्रॅक्टर आहे त्याने त्याच्या मागे जोडण्याचे यंत्र पाहावे. पण कोकणातल्या बागा डोंगरउतारावर, घरापासून दूर, पायवाटेने जोडलेल्या. तेथे वायर पोहोचत नाही आणि ट्रॅक्टर चढत नाही. कचरा यंत्रापाशी वाहून आणावयाचा म्हटला तर सारी मजुरी वाहतुकीतच जाते. दोन माणसे ढकलून नेऊ शकतील असे, मोठ्या चाकांचे पेट्रोल यंत्र येथे सार्थ ठरते, आणि म्हणून वजन व चाकांचा व्यास ह्या बाबी मैदानी मुलखापेक्षा आपल्याकडे अधिक मोलाच्या आहेत. मात्र पेट्रोलात आता इथेनॉल मिसळलेले असते व इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र चार महिने दमट हवेत उभे राहिले तर कार्बोरेटर हमखास तुंबतो. ज्येष्ठ लागण्यापूर्वी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून, मग यंत्र झाकून ठेवावे.

आता जो भाग लिहिताना मला सर्वाधिक काळजी वाटते तो जोखमीचा. तीनशे मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर होतो. त्यावर दोन पाती असतील तर सेकंदाला शंभर काप पडतात, आणि प्रत्येक काप एक सेंटिमीटरचा धरला तर फांदी सेकंदाला एक मीटर ह्या गतीने आत खेचली जाते. माणसास धोका जाणवून हात सोडण्यास पाव सेकंद लागला, तरी तेवढ्यात फांदी वीतभर आत गेलेली असते. ह्या हिशेबाचा अर्थ असा की फांदीच्या डहाळीत अडकलेला हात सोडवून घेण्यास माणसाला अवधीच मिळत नाही. म्हणून नळकांडे लांब असावे, इतके की बाहेर उभ्या माणसाचा हात पात्यापर्यंत पोहोचूच नये. लहान व स्वस्त यंत्रांत माल व जागा वाचविण्यासाठी ते आखूड केलेले असते, आणि केवळ ह्या एका कारणासाठी यंत्र नाकारावे. शेवटचा तुकडा हाताने न ढकलता दुसऱ्या फांदीने ढकलावा. आपल्याकडे हे काम पुष्कळदा बायका करतात: लुगड्याचा पदर, ओढणी, काकणे, गळ्यातली पोत; आणि पुरुषांचे धोतर, खांद्यावरचा पंचा, सैल बाह्या; ह्यांपैकी काहीही यंत्राजवळ येता कामा नये. अंगासरशी कपडे, डोळ्यांना चष्मा आणि कानांना आवरण हवेच. आवाज शंभर डेसिबेलांच्या घरात जातो व नित्य कानी पडल्यास बहिरेपणा आणतो.

इंजिन बंद केले म्हणजे यंत्र थांबले असे नव्हे. जड चाक स्वतःच्या गतीने बराच वेळ फिरत राहते, आणि इंजिनाचा आवाज थांबल्यामुळे ते फिरत आहे हे कानास कळत नाही. अडकलेला माल काढण्यासाठी झाकणात हात घालण्याचे अपघात नेमके ह्याच क्षणी होतात. चाक डोळ्यांनी थांबलेले पाहावे, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवावी, आणि मगच झाकण उघडावे. बंद खोपीत यंत्र चालवू नये, धुराने माणूस गुदमरून पडतो. रानातल्या कुंपणाच्या तोडीत बिब्ब्याची फांदी आली तर ती कटाक्षाने वेगळी काढावी, तिचा उडालेला चीक व भुसा अंगावर फोड आणतो; आंब्याच्या आणि काजूच्या चिकाचाही काहींना असाच त्रास होतो.

ढलप्या झाल्यावर काम संपत नाही. त्या मातीत पुरू नयेत. पुरल्या की त्यांना कुजविणारे जीव मातीतले नत्र उचलतात व झाड काही काळ पिवळे पडते. पृष्ठभागावर आच्छादन म्हणून पसराव्यात, खोडाला टेकवून न घालता वीतभर जागा मोकळी सोडून, नाहीतर बुंधा सडतो आणि वाळवीस आयती वाट मिळते. माडांच्या बागेत आणखी एक सावधगिरी हवी: गेंड्या भुंगा कुजत्या ढिगात अंडी घालतो, तेव्हा ढीग वर्षानुवर्षे एका जागी न ठेवता तो वेळोवेळी उलथावा, दिसतील त्या अळ्या वेचाव्यात, आणि ह्या अळ्यांना मारणारी मेटॅरायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते ती ढिगात मिसळावी. उलट खोडकिडीने पोखरलेली आंब्याची फांदी बांधावर पडून राहिल्यास किडीचे घरच होते, ती तत्काळ यंत्रात घातल्याने अळीही जाते व आसराही जातो. नारळाच्या पानांपासून युड्रिलस जातीच्या गांडुळांकरवी खत करण्याची रीत कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने बसविली आहे. ज्यांच्याकडे सावली व पाणी आहे त्यांना ती पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात सापडेल.

सरतेशेवटी खरेदीच्या व्यवहाराविषयी. वीस-पंचवीस माडांच्या मालकास स्वतःचे पेट्रोल यंत्र परवडत नाही, आणि त्याने ते कर्ज काढून घेऊ नये. त्याचे वर्षाचे काम काही दिवसांत उरकते आणि उरलेले वर्ष यंत्र गंजत पडते. वाडीतील दहा घरांनी मिळून एक चांगले यंत्र घेणे, किंवा एखाद्या तरुणाने ते घेऊन ताशी दराने भाड्याने देणे, हीच व्यवस्था मला सर्वांत व्यवहार्य वाटते. सरकारी यांत्रिकीकरण योजनेखाली अनुदान मागावयाचे असेल तर अर्जाआधी यंत्र पात्र यादीत आहे किंवा नाही हे तालुका कृषी कार्यालयात विचारावे, आणि विक्रेत्याकडून बुदनीसारख्या मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल मागून घ्यावा. अनुदानाच्या रकमेपेक्षा त्या अहवालातील इंधनाचा व पात्यांच्या झिजेचा तपशील पुष्कळदा अधिक कामाचा असतो. सामाईक यंत्राचे भांडण हटकून पात्यांच्या धारेवरून होते, कारण दगड-खिळ्यावर पाते कोणी घातले हे कोणीच कबूल करीत नाही. त्यास उपाय एवढाच की यंत्र एकाच माणसाच्या ताब्यात असावे, तोच ते चालवील, आणि यंत्र परत येताच झाकण उघडून पाते देणाऱ्या-घेणाऱ्यासमक्ष पाहिले जाईल, असा ठराव खरेदीपूर्वी लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. अशा ठरावाचा एक नमुना, ढिगाचे तीन वाटे मांडण्याचा तक्ता आणि दुकानात विचारावयाच्या प्रश्नांची यादी पुस्तिकेच्या अखेरीस जोडली आहे. प्रकरणे मागाहून वाचली तरी चालतील, पण तो तक्ता भरल्यावाचून कोणीही दुकानाची पायरी चढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.